अर्जदाराचं नाव

१२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तीन रजा टाकून तीनदा चढले, आणि त्या पायऱ्या बत्तीस आहेत. तू दिलेल्या सालापासून पुढच्या सहा वर्षांच्या नोंदवह्यांत आजोबांचं नाव शोधलं. तुझ्या ताब्याचा खटला कुठेच नाही. रेकॉर्ड-कीपर भला माणूस आहे, पण वह्यांवरची धूळसुद्धा सरकारी मालमत्ता समजतो. साल नक्की ना? उत्तर धाड आणि तब्येतीला जप.

तुझी,
खारूताई

२० जून

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

साल चुकायला मी काय म्हातारी झालेय? अठ्ठ्याहत्तरच तर सरली. आई घर सोडून गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. दादांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, माझ्यासाठी कोर्टात धाव घेतली आणि ती तारखेलाही फिरकली नाही, हे जन्मभर ऐकलं. तुझी आजी घरात आली ती त्यानंतर, तिलाही एवढंच सांगितलेलं. मला निकाल नको गं. आईने मला मागितलं होतं की नाही, तेवढं कळू दे. पायऱ्या जपून चढ, आणि म्हातारीवरचा लोभ पातळ करू नकोस.

आत्या

४ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! रेकॉर्ड-कीपरने आज विचारलं, की अर्ज केला कोणी. नोंदवहीत नाव लागतं ते अर्ज करणाऱ्याचं, आणि आपण घरच्या गोष्टीवर विसंबून आजोबांनाच शोधत बसलो. मी तुझ्या आईचं माहेरचं नाव सांगितलं. दहा मिनिटांत सापडलं.

अर्जदार तीच आहे, आत्या. एक नाही, पाच अर्ज. तुझ्या पाचव्या वर्षापासून नवव्यापर्यंत, दरवर्षी एक. मागणी एकच, मुलगी माझ्याकडे द्यावी. पाचही फेटाळले. पण प्रत्येक तारखेला तिच्या हजेरीची सही आहे. मी तिथेच रडले, रेकॉर्ड-कीपरने पाणी आणून दिलं. लवकर लिही, मला तुझी काळजी वाटते.

तुझी,
खारूताई

११ जुलै

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र चष्मा पुसून पुसून वाचलं. दादांचा राग आला, पण भांडायला ते हवेत ना! नवव्या वर्षी शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावाच्या जागी मी रेघ मारली होती, तेच सारखं आठवतंय.

पुढची रजा माझ्यासाठी टाक. बत्तीस पायऱ्या मी बसत-उठत चढेन. ती पाच वर्षं चढत होती, मला एकदा जमेल. तिचं अक्षर मी अजून पाहिलेलं नाही. ये, वाट बघते.

तुझीच,
आत्या