भरपूर म्हणजे किती?

९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ओळी डावीकडून नीट निघतात आणि उजवीकडे जाईपर्यंत घसरगुंडीवर बसतात. शेवटची ओळ तर कागदाच्या काठावरून पडता पडता वाचली. गाडीत बसून लिहितेस की काय?

नव्या नोकरीत महिना झाला. इस्पितळच आहे, पण तुझ्यासारखं वॉर्डातलं काम नाही. एक्स-रेच्या खोलीशेजारी मला टेबल दिलंय. खिडकीतून धुतलेल्या चादरींच्या ढकलगाड्या तेवढ्या दिसतात. पेशंट घरी जाताना त्याला एक कागद द्यायचा असतो: कुठलं औषध कधी, काय जपायचं, पुन्हा कधी यायचं. तो कागद आता संगणकावरचं भाषेचं मॉडेल लिहून देतं, आणि त्या मॉडेलला काय आणि कसं लिहायचं हे सांगणं माझं काम. त्या सांगण्याला प्रॉम्प्ट म्हणतात. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, या मुलीने जन्मात कुणाचं ऐकलं नाही, आता यंत्राने हिचं ऐकावं म्हणून बसलीय.

त्यांची जीभ काळी निघाली. पहिल्यांदा मी एकच ओळ लिहिली, की पेशंटला सोप्या भाषेत सूचना लिही. त्याने दोन पानं लिहिली. सुरुवातीला अभिनंदन, शेवटी निरोगी आयुष्याच्या शुभेच्छा, आणि गोळीची वेळ मध्ये कुठेतरी हरवलेली. वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या की हे लग्नपत्रिकेसारखं वाटतं. मग मी चिडून एकेचाळीस नियम घातले. हे लिहू नको, ते लिहू नको, लांबण लावू नको, गोडगोड बोलू नको. आता कागद असा येतो, जणू पेशंटला कोर्टाची नोटीस बजावलीय.

तीस वर्षं सिस्टर म्हणून तू माणसांना घरी पाठवलंस. जाताना त्यांना काय सांगायचीस ते मला सविस्तर कळव. फोनवर नको, तिथे तू दोन मिनिटांत "बरं, ठेवते" म्हणतेस.

लोभ आहे तो जुन्या दरानेच चालू ठेव.

तुझी
टिटवी


१७ जानेवारी

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्या अक्षरावर बोलण्याआधी स्वतःचं बघ. तुझं पत्र म्हणजे साखरेला लागलेल्या मुंग्या. पुढचं मोठ्या अक्षरात आणि काळ्या शाईत लिही. म्हातारीचे डोळे काही यंत्राचे नाहीत.

प्रॉम्प्ट म्हटल्यावर मला आधी नाटकातला प्रॉम्प्टर आठवला. विंगेत उभा राहून वाक्यं पुरवतो तो. आमच्या इस्पितळाच्या स्नेहसंमेलनात ते काम माझ्याकडे असायचं, आणि तेव्हाच कळलं की नट अडला की त्याला नुसतं "पुढे बोल" म्हणून भागत नाही, नेमका शब्द द्यावा लागतो.

जाताना काय सांगायचे, ते विचारतेस. त्याच्या आधी एक जुनी गोष्ट सांगते. ही तुझ्या बापालाही ठाऊक नाही. मी नुकती वॉर्डप्रमुख झाले होते. बारा नंबरच्या खाटेवर एक शाळामास्तर होते. भिडस्त माणूस. बाथरूमला जायला सिस्टरला हाक मारायची त्यांना लाज वाटायची, म्हणून गुपचूप एकटे उठायचे. मला हे माहीत होतं. दुपारी माझी पाळी संपली तेव्हा नव्या मुलीला मी सांगितलं, की बारा नंबरकडे लक्ष ठेव, आणि निघाले. पोरीने खरोखर लक्ष ठेवलं. सलाईनचा थेंब न् थेंब बघत बसली. बाटली संपत आली तशी दुसरी आणायला गेली, आणि तेवढ्यात मास्तर उठले, पडले, मांडीचं हाड मोडलं. सगळे त्या मुलीला बोलले. तिने लक्ष ठेवलंच होतं गं. कशावर ठेवायचं ते मी माझ्या डोक्यातच ठेवलं होतं.

त्या दिवसापासून मी काम सांगताना कारण सांगायला लागले. "त्यांना एकटं सोडू नकोस, कारण ते लाजतात आणि न सांगता उठतात." एवढं कळलं की शहाणं माणूस मी न सांगितलेलंही करतं, बाटली आणायला दुसरीला पाठवतं. तुझ्या यंत्राचं मला कळत नाही, पण तुझे एकेचाळीस नकार वाचून मलाच धडकी भरली. काय नको ते सगळं सांगितलंस. काय हवं, कुणासाठी हवं, का हवं, ते कुठे आहे? कागद वाचणारा कोण आहे ते सांग त्याला. चष्मा विसरून आलेला, अंगात त्राण नसलेला, सून घाई करतेय असा माणूस डोळ्यांपुढे आण आणि मग लिही.

मी बरी आहे. काळजी नसावी. तू मात्र जेवणाच्या वेळा पाळ.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझी
आत्या


६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बघ, मोठ्या अक्षरात लिहितेय. पहिलीतल्या मुलीसारखं वाटतंय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एकेचाळीसच्या एकेचाळीस नियम पुसले आणि यंत्राला सरळ नव्या सिस्टरला सांगावं तसं लिहिलं. हा कागद थकलेला माणूस दारात उभा राहून वाचणार आहे. औषधाची वेळ सगळ्यात वर दे, कारण खालपर्यंत तो वाचेलच असं नाही. डॉक्टरी शब्द वापरलास तर लगेच त्याचा अर्थ सांग, कारण घरी विचारायला कुणी नसतं. आत्या, कागद एकदम बदलले. सिस्टरनी दोन पेशंटना वाचून दाखवले आणि दोघांनी मान डोलावली. मी हवेत होते. तुला तारच करणार होते.

परवा जमिनीवर आले. एक म्हातारे घड्याळजी घरी चालले होते. हृदय नीट काम करत नाही, पायांना सूज. कागदावर छान सोप्या भाषेत लिहिलेलं होतं, की भरपूर पाणी प्या. घड्याळजींनी कागद दोनदा वाचला आणि सिस्टरना विचारलं, भरपूर म्हणजे किती? आयुष्यभर सेकंद मोजलेला माणूस, त्याला "भरपूर" चालेना. आकडा सांगायला म्हणून सिस्टरनी डॉक्टरांची नोंद काढली, तर तिथे उलटच. दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी जाता कामा नये. जास्त झालं तर ते अंगात साठतं आणि दम लागतो.

चूक शोधत बसले. यंत्राला मी आजाराचं नाव आणि औषधांची यादी देत होते. डॉक्टरांची नोंद कधी दिलीच नव्हती. त्याला पाण्याचं काही माहीत नव्हतं, म्हणून जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते त्याने लिहून टाकलं. इतक्या ठामपणे, की मीही वाचून पुढे सरकवलं. घड्याळजींनी विचारलं नसतं तर?

साहेबांनी दोन आठवडे सगळं थांबवलंय. सिस्टर पुन्हा हाताने कागद लिहितायत आणि माझ्याकडे बघत नाहीत. मी राजीनामा लिहून ठेवलाय. तुझ्या मास्तरांची गोष्ट वाचूनही मी तेच केलं. आपल्याला हे काम जमणारं नाही.

तू हाताने लिहिलेले जुने कागद असतील तर एखाद-दुसरा पाठवशील? नुसते बघायचेत.

रागावलीस तरी चालेल, पण दूर करू नकोस.

तुझी
टिटवी


१५ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर वेगळं बघून दचकू नकोस. हात जरा दुखतोय म्हणून खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना लिहायला बसवलंय. मी सांगते आणि त्या लिहितात. मशीन चालवून त्यांचा हात चांगला बसलाय, ओळ सरळ येते.

राजीनामा फाड. त्या पडलेल्या मास्तरांनंतर मीही एक लिहिला होता. माझ्या मेट्रननी तो वाचला, घडी घातली आणि मला म्हणाल्या, की तुझ्या जागी आता जी येईल तिने ही चूक अजून केलेली नाही, म्हणजे ती करायची शिल्लक आहे. मी मुकाट कामावर गेले.

आता तुझ्या यंत्राबद्दल. नव्या मुलीही अगदी असंच करतात. डॉक्टरांनी काही विचारलं आणि माहीत नसलं, की घाबरून अंदाजाने उत्तर देतात, आणि जितकं कमी माहीत तितकं जोरात. ओरडून हे जात नाही. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगायचे, की "माहीत नाही" म्हणणारीला या वॉर्डात कुणी रागावणार नाही. तुझ्या यंत्राला तू ही मुभा कधी दिलीस? त्याला स्पष्ट लिही. नोंदीत नाही ते मनाने घालू नकोस, ती जागा रिकामी सोड आणि सिस्टरला विचारायचं म्हणून खूण कर. आणि नोंद आधी हातात दे. शिधा न देता स्वयंपाक सांगितला की शेजारच्या घरचं आणून वाढणारच. एवढं करूनही कागद सिस्टरच्या नजरेखालून गेल्याशिवाय पेशंटच्या हातात जाऊ देऊ नकोस.

जुने तीन कागद सोबत आहेत. ट्रंकेत तळाशी होते. नुसते बघू नकोस, त्यालाही दाखव. चांगलं काम कसं दिसतं हे सांगण्यापेक्षा दाखवलेलं लवकर कळतं.

मी बरी आहे.

आशीर्वाद भरभरून.

तुझी
आत्या

ता. क. ताई, हे मी माझ्या मनाने लिहितेय. त्या आतल्या खोलीत गेल्यात. त्यांचा हात ठणठणीत आहे. दुखणं डोळ्यांचं आहे. काचबिंदू म्हणतात. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, डावा वाचावा म्हणून चार मार्चला ऑपरेशन ठरलंय. तुमची नोकरी नवी, तुम्हाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातलीय. ते तीन कागद शोधायला त्यांना दोन दिवस लागले, हाताने चाचपून शोधले. माझ्यावर रागावल्या तर रागावू देत.


२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खालच्या बाईंवर रागवायचं नाही. हे पहिलं. पत्र त्याच वाचून दाखवतील, तेव्हा त्यांनाही ऐकू दे.

तुझ्या एका कागदावर पेशंटच्या नावाखाली तू लिहिलं आहेस, "एकटे राहतात, गोळी फोडायला त्रास होतो." हे वाचून मी एक्स-रेच्या खोलीमागे जाऊन रडले आणि मग कामाला लागले. डॉक्टरांची नोंद दिली, रिकामी जागा सोडायची मुभा दिली, तुझे तिन्ही कागद नमुना म्हणून जोडले. मग जुन्या साठ पेशंटचे कागद करून सिस्टर आणि डॉक्टरांपुढे ठेवले. अकरा ठिकाणी यंत्राने जागा रिकामी सोडली होती. त्यातल्या नऊ ठिकाणी नोंदच अपुरी होती, डॉक्टरांनी मान्य केलं. सोमवारपासून एका वॉर्डात पुन्हा सुरू होतंय, सही सिस्टरचीच. राजीनामा फाडला.

आता तुझं. मला शिकवतेस की माहिती लपवून काम सांगू नये, आणि स्वतः दोन पत्रांतून लिहितेस की मी बरी आहे. मी ते वाचून खुशाल जेवत होते. ऑपरेशनला सोबत कोण? नंतर डोळ्यांत थेंब कोण घालणार? वाकायचं नसतं ना, मग घरातलं कोण बघणार? मला "काळजी नसावी" हे उत्तर नकोय. काय हवं, किती दिवस हवं आणि का हवं, ते लिहून पाठव. उलट टपाली.

रागावले आहे, आणि लोभ त्याच्या दुप्पट आहे.

तुझी
टिटवी


२४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाईंनी तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा जास्तच ठसक्यात. शपथ मोडल्याबद्दल मी त्यांच्याशी दीड तास बोलत नव्हते. मग चहाची वेळ झाली.

विचारलंस म्हणून सांगते. तीन तारखेला ये. तीन आठवडे राहा, त्याच्या आत परत जायचं नाव काढू नकोस. तुझ्या साहेबांना कारण खरं सांग. थेंब दोन तऱ्हेचे आहेत, सुरुवातीला दर दोन तासांनी, आणि बाटल्या सारख्याच दिसतात. मी बोटांनी ओळखेन म्हणत होते, पण परवा साखर समजून चहात सोडा घातला, तेव्हा नको. मला वाकता यायचं नाही, म्हणून खालच्या फडताळातलं सगळं वर काढून ठेव. दुपारी वर्तमानपत्र वाचून दाखव, अग्रलेख वगळून. मी ओरडले तर उलट ओरड, गप्प बसू नकोस, कारण गप्प बसलेल्या माणसाचा चेहरा मला आता दिसत नाही.

हे सगळं बाई एकट्या करतील, तशा तयार आहेत. तरी तू ये. कारण विचारलं आहेस ना. बाकीची सगळी कारणं वर सांगितली, एक राहिलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या खाटेशेजारी उभी होते. खाटेवर स्वतः कधी झोपले नाही. मला भीती वाटते.

हे शेवटचं वाक्य बाईंनी लिहायच्या आधी मला दोनदा विचारलं, की असंच लिहू का. असंच लिहा म्हटलं.

येताना काही आणू नकोस. वाट बघतेय.

तुझी
आत्या