पहिल्या तोडणीचं जेवण

प्रिय साधना,

'प्रिय' लिहिताना हात अडला. खोडावं वाटलं, पण तीस वर्षांची सवय, खोडवंना. फोन करणार न्हाई. फोनवर तू गोड बोलतीस आन् मी विरघळते. आज मला बिलकुल विरघळायचं न्हाई. डोकं तापलंय, ते तापलेलंच राहू दे.

काल पहिली तोडणी झाली. पाच वर्षं झाली, आपण दोघी हे करून राह्यलो. हंगामभर आपलीच भाजी खायची, शेतात निघंल ती, गारपीट झाली तर अर्धी पिशवी, कुरकुर करायची न्हाई, असं कबूल केलेली जालन्याची बत्तीस घरं तू जमवलीस, तुझं स्वतःचं धरून. ते श्रेय तुझंच, मी कधी न्हाई म्हणले का? भाजी मी पिकवायची, पिशव्या तू तुझ्या दारातून वाटायच्या. आन् यंदापासून हंगाम सुरू होताना सगळ्यांनी एक दिवस शेतात यायचं, पहिली भाजी आपल्या हातानं तोडायची आन् तिथंच बांधावर बसून माझ्या चुलीवरचं जेवायचं. ही रीत पाडायची, हे आपण दोघींनीच ठरवलं.

मंग ते पुरीभाजीचे डबे कशाला गं आणलेस? पहाटे उठून साठ भाकरी थापल्या होत्या मी. वांगी भाजली, ठेचा केला. तू गाडीतून डबे उतरवलेस आन् म्हणलीस, बेबी, किती दगदग करतीस, शहरातल्या लोकांना एवढं तिखट सोसत न्हाई. मी येडी, मला खरंच वाटलं. संध्याकाळी त्या भाकरी म्हशीपुढं टाकल्या.

तसं तर शेडमधला बाबासाहेबांचा फोटो जागेवर दिसंना, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. फवारणीच्या पंपामागं सापडला, तोंड भिंतीकडं. गर्दीत धक्का लागून पडंल म्हणून काढून ठेवला, म्हणलीस. तेही मी ऐकून घेतलं.

पण तुझ्या शेजारच्या सगुणाबाई! जाताना त्यांनी मला साडी दिली. चांगल्या मनानं दिली, त्यांचा दोष न्हाई. म्हणल्या, साधनाच्या वडलांना, रामरावांना बाई लई इमानदार भेटली बघ, मालकाचं शेत पोटच्या लेकरावानी सांभाळतीस. माझे तर कानच बंद झाले. मी इचारलं, कोणत्या रामरावांचं शेत? त्यांनी मोबाईल काढून दाखवला. भाजी घेणाऱ्या घरांच्या ग्रुपवर पहिल्या वर्षापासून वर तेच लिहिलेलं, आमच्या अण्णांच्या शेतातली ताजी भाजी. पाच वर्षं, साधना. त्या ग्रुपमध्ये मी न्हाई, कारण तुला वेळ कुठं मिळतो म्हणून तूच मला घेतलं न्हाईस.

अण्णांचं शेत! अगं, तुझ्या अण्णांकडं माझा आबा अकरा वर्षं सालगडी होता. त्यांचा माळ नांगरता नांगरता त्याचे गुडघे गेले. मंग हे दोन एकर घेतले, नुसता मुरूम, सगळं गाव हसलं. आईनं दगड वेचून वेचून बांध घातला, आबानं विहीर खांदली. त्याच विहिरीत मी तुला पोहायला शिकवलं. तू घरी सांगायचीस, वर्गातल्या पोरीकडं अभ्यासाला गेल्ते. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, खरं सांगितलं असतं तर मार बसला असता, म्हणून मी कधी मनाला लावून घेतलं न्हाई. आता तू चाळिशीला आलीस. आता तुला कोण मारणार हाये?

काल गाडीत बसताना तुला इचारलं, तर मान खाली घालून म्हणलीस, तुझं नाव सांगितलं असतं तर बत्तीसमधली किती घरं टिकली असती, मी तुझ्या भल्यासाठीच केलं. वा गं वा, भलं करणारी! माझ्या हातची मेथी चालती आन् त्याच हातची भाकर चालत न्हाई, हे कोणतं भलं? आन् कोण नको म्हणलं होतं? कुणाला एकदा तरी इचारलंस का? सगळ्यांच्या वतीनं तूच नाक मुरडून मोकळी झालीस. मला राग त्यांचा न्हाई, तुझा हाये.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. आज पिशव्या तुझ्या दारात येणार न्हाईत. टेम्पोवाल्या पप्पूला सरळ घरोघरी पाठवलंय. सकाळी राजूरला जाऊन माझ्या सातबाऱ्याच्या एकतीस झेरॉक्स काढल्या आन् एकेक पिशवीत मेथीच्या जुडीवर ठेवली. मालकाचं नाव बेबीनंदा संपत खरात, सगळ्यांना वाचता येतं. मागच्या बाजूला लिहिलंय, येत्या रविवारी जेवण पुन्हा हाये, माझ्या चुलीवरचं. ज्यांना चालणार न्हाई त्यांनी पिशवी पप्पूजवळ परत द्यावी. किती परत येतील, मला ठाऊक न्हाई. सगळ्याच आल्या तर वाफ्यातलं उभं पीक घेऊन मी कुठं जाऊ? तरी पाठवल्या. बत्तिसावी पिशवी तुझी, तिच्यात झेरॉक्स न्हाई, हे पत्र हाये. रविवारी तू ये. सगळ्यांच्या मधोमध बस आन् माझी भाकर मोडून पहिला घास तू खा, सगळ्यांच्या देखत. जमत नसंल तर तुझीपण पिशवी परत दे. तुझं वाचून होईपर्यंत हलायचं न्हाई, असं पप्पूला बजावलंय. तो दारातच उभा हाये.

अजून तरी तुझीच,
बेबीनंदा