आडवी मान, उभी मान

सोफिया, ४ मार्च २०२२

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुम्ही उलटं ऐकता, म्हणून लिहितोय. नव्या कंपनीच्या हॉलंडच्या साहेबाने स्क्रीनवरून पगार सांगितला आणि चालेल का विचारलं. मी आपल्या बल्गेरियन सवयीने 'हो' म्हणून मान आडवी हलवली. त्यांच्याकडे आडवी म्हणजे नाही! बिचारा घाबरला. मी तोंड उघडायच्या आत आकडा वाढवून त्याने पुन्हा विचारलं. आता बोला! सध्या प्रोग्रामर मिळत नाहीत, कंपन्या आमच्या मागे लागल्यात. तुम्ही उगीच काळजी करू नका. मिरच्यांच्या चटणीची बरणी मात्र संपली.

तुमच्या शिव्यांसकट आशीर्वाद हवेत.
ओग्न्यान

त्र्यावना, ११ मार्च २०२२

चि. ओग्न्यान यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो, मग झोप उडाली. मी सातवीपर्यंत शिकलेला, पण एवढं कळतं की आज माणूस मिळत नाही म्हणून घाबरणारा साहेब उद्या माणसं मिळाली की घाबरणार नाही. कारखान्यात ते जर्मन यंत्र मला एकट्यालाच जमायचं, तेव्हा फोरमन स्वतः कॉफी आणून द्यायचा. कारखाना विकला गेला त्या आठवड्यात फाटकावर त्याने मला ओळख दाखवली नाही. शेजारची पेना म्हणते, तुमचा मुलगा राजा झाला. मी म्हटलं, बाई, आपण राजाला देशाबाहेर घालवलं ते विसरलीस का?

आरशापुढे उभा राहा आणि हो म्हणताना मान वर-खाली करायची सवय लाव. रोज. हसू नकोस. चटणी बसने पाठवतो.

पोटभर जेव, एवढंच मागणं.
स्तामेन

सोफिया, १८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

आरसा राहूनच गेला. कंपनीने बरीच माणसं कमी केली. त्याच साहेबाने स्क्रीनवर मला विचारलं, कमी पगारावर राहशील का. नेमका माझा माइक बंद पडला. घाबरून मी मान जोरजोरात हलवली. आडवी. 'नको म्हणाला' अशी नोंद झाली. चूक झाली, मला राहायचंय, असं लगेच लिहून कळवलं. उत्तर फार सभ्य होतं : त्या जागेला आता रांग आहे. बाबा, तोच साहेब, तीच मान. तेव्हा त्याने दुसऱ्यांदा विचारलं होतं.

अर्ज करतोय, पण 'नाही' म्हणायलाही कोणी उत्तर देत नाही. नाताळला येतो. पेनाकाकूला काही सांगू नका.

रागावला असाल तरी दार उघडं ठेवा.
ओग्न्यान

त्र्यावना, १४ जानेवारी २०२५

चि. ओग्न्यान यास,
अनेक आशीर्वाद.

तू गेलास आणि घर फार मोठं झालं. भोपळ्याची बनित्सा तू निम्मी टाकलीस, कोंबड्यांनी खाल्ली. पेना विचारत होती, सुट्टी एवढी लांब कशी? मी सांगितलं, त्याचं पदच एवढं मोठं की त्याच्यावाचून कंपनीचं चालतं. ती खूश झाली.

रोज सकाळी आरशापुढे उभा राहून तू मान वर-खाली करायचास. मीच सांगितलं होतं, पण बघवत नव्हतं. नोकरी मागायला निघालेल्या माणसाने आधी स्वतःची मान बदलायची, हे कसलं शिक्षण?

बस गेल्यावर घरी आलो तर तुझी घराची चावी खुंटीला. एवढ्या वर्षांत तू ती कधी ठेवून गेला नाहीस. विसरलास की ठेवलीस? त्याआधी बस सुटताना मी खालून ओरडलो होतो, ईस्टरला येशील ना? काच बंद होती. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस, वर-खाली. आपल्यात ते म्हणजे 'नाही'. त्यांच्यात 'हो'. आता ती तुझी जुनी मान होती की नवी, ते मला कसं कळावं? मी बस वळेपर्यंत हसत हात हलवत राहिलो, आणि तेव्हापासून विचार करतोय.

फोन करू नकोस, मी उलटं ऐकेन. एकच शब्द लिही.

चावी खुंटीलाच आहे, मी हात लावलेला नाही.
तुझा बाप,
स्तामेन