पंच्याहत्तर टक्क्यांचा पुरावा

५ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

या पत्रात एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: तुझ्या जिल्ह्यातील निकाल बनावट आहे. खरे मतदान वेडेवाकडे असते. कुठे एकाहत्तर टक्के, कुठे अठ्ठ्याहत्तर. तुझ्याकडील निम्म्या केंद्रांवर मात्र नेमके पंच्याहत्तर, ऐंशी, नाहीतर पंच्याऐंशी! असे गोल आकडे खुर्चीत बसून लिहिले जातात तेव्हाच येतात. लेख आलेखासह वृत्तपत्राकडे दिला आहे. निवडणूक अधिकारी तूच, याचे वाईट वाटते. परंतु तर्काला बहीण नसते. प्रकृतीस जप. लोभ आहेच, तो युक्तिवादाच्या आड आणू नकोस.

— दादा

१४ मार्च

ती. दादास सा. न.

तर्काला बहीण नसेल, पण बहिणीला नोकरी आहे. लेख छापून आला आणि माझ्या हाती चौकशीची नोटीस पडली. सोमवारी वरिष्ठांपुढे उभे राहायचे. त्यांचे समाधान झाले नाही तर निलंबन. तुझे मेहुणे म्हणतात, आलेखातले डोंगर सुरेख काढलेत.

डोंगरांचेच सांगते. ती निम्मी केंद्रे म्हणजे रानातल्या वनचौक्या. एका चौकीवर वीसच पहारेकरी. जागा सोडता येत नाही, म्हणून प्रत्येक चौकीला वेगळी पेटी. विसांतला एक आला नाही की पाच टक्के गेले. तुला त्र्याहत्तर हवे असतील तर एखाद्याने अर्धे धड पहाऱ्यावर ठेवून मतदानाला यायला हवे! मतदारसंख्येचा रकाना शेजारीच होता, रे शहाण्या. कशाचे टक्के, असे विचारून पोरांना बाकावर उभे करायचास. आता स्वतः चढ. आणि खरे सांग, तो बडबड्या निवडून आला हेच तुला सोसत नाही ना?

सोमवारच्या आत काय ते लिही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

— धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

चौक्या वगळून गणित पुन्हा मांडले. उरलेले आकडे हवे तितके वेडेवाकडे आहेत. बाकावर चढण्याचे गुडघे राहिले नाहीत, म्हणून पुढील निवेदन तुझ्या वरिष्ठांना आणि वृत्तपत्राला धाडले आहे. नोकरी टिकली की कळव. राग धर, अबोला नको.

— दादा

निवेदन: गोल आकडे वीस मतदारांच्या केंद्रांमुळे आले, मतमोजणीत खोट नाही. विजयी गृहस्थ बडबडे आहेत, हे मत मी मागे घेत नाही. लोक त्यांना आपण होऊन निवडणार नाहीत, असे मी गृहीत धरले, ही माझी चूक. लोकांनी त्यांना निवडले. प्रामाणिकपणे, आणि भरघोस मतांनी.

(सही) निवृत्त प्राध्यापक, तर्कशास्त्र