सम्राटचं पहिलं वेत

१२ जानेवारी
सम्राट आज उमरेड रोडच्या फार्मवर उतरला. पांढराशुभ्र, लांबलचक नर. त्याची आई एका वेताला चौदा पिलं द्यायची, विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं. आमची गावठी डुकरीण लाडी सहाच्या पुढे कधी गेली नाही. आता जाईल. रक्त बोलतं!

१३ जानेवारी
सासरे जेवायला. नंदनवनातल्या त्यांच्या मंगल कार्यालयात मॅनेजरची खुर्ची लग्नापासून माझी वाट बघते. म्हणाले, जावईबापू, हे डुकरं सोडा आता. मी ताटावरच शब्द दिला: लाडीला दहाच्या खाली पिलं झाली तर फार्म बंद, खुर्ची मंजूर. वाढता वाढता मेघाचा हात थांबला. बायकोचा विश्वास हा असा.

१५ जानेवारी
लाडीला सम्राट दाखवला. काम फत्ते.

२ मार्च
लाडी गाभण! सम्राटला रोज अंडी आणि गूळ सुरू. लाडीला नेहमीचंच. मेघा म्हणाली, पिलं थे पोटात वागवून राहिली, अन् अंडी ह्याले काहून? बायका भावनेने विचार करतात.

१९ एप्रिल
ऊन चव्वेचाळीस. घरचा कूलर फार्मवर नेऊन सम्राटसमोर लावला.

२० एप्रिल
मेघाने कूलर लाडीकडे वळवला. वाद घातला नाही. गरम होतं.

२८ एप्रिल
जनावरांच्या डॉक्टर सुमतीबाई येऊन गेल्या. म्हणे पिलं किती, हे डुकरिणीवर: तिची बीजं किती, पोटात जागा किती. नराचा गुण दिसलाच तर त्याच्या लेकींच्या वेताला, तोही थोडा. मग आठवलं, बाईंकडे स्वतःचं एकही डुक्कर नाही. तरी जेवण गेलं नाही.

३० एप्रिल
सासऱ्यांचा फोन. मॅनेजरसाठी बंद गळ्याचा कोट शिवायला टाकतात, गळ्याचं माप पाहिजे. पंधरा सांगितलं. केवळ सौजन्य म्हणून.

९ मे, सकाळ
लाडी तोंडाने गवत गोळा करते आहे. मेघा तिच्याजवळ बसली, मला बाहेर घालवलं. सम्राट घोरतो आहे.

९ मे, दुपार
चार. पाच. सहा.

९ मे, संध्याकाळ
सहाच. लाडी ठणठणीत. मेघाच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, मले नाही जमत तुमच्याशिवाय हा फार्म. मी समजत होतो, तिला ती खुर्चीच हवी आहे.
पण हरलो नाही! डॉक्टरबाईंनीच सांगितलंय, गुण लेकींत उतरतो. सासऱ्यांना फोन लावला, लेकी व्यायेपर्यंत मुदत मागितली. माणूस भला, हो म्हणाले. विचारलं, लेकी किती? बघायला आत गेलो.
सहाही नर.

११ मे, नंदनवन
गळा साडेपंधरा सांगायला हवा होता.