बलक तसाच राहिला

तीर्थरूप आईस,

इथूनच वाकून नमस्कार. माझी तब्येत ठणठणीत आहे, खोलीत ऊन येतं, काळजी नको. डोकं मात्र पार उठलंय.

"किड्यांच्या अंड्यांत बघायचं तरी काय असतं?" असं तू विचारलं होतंस. रातकिड्याची मादी अंड्यात बलक भरून निघून जाते. पण आतल्या पिल्लाला तो आयता चालत नाही. एन्झाइम नावाच्या कात्र्या बलकातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात, तेव्हा कुठे तो अंगी लागतो. मी त्या कात्र्या बघते.

परवा कळलं, प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरच्या शहाण्याला उकडलं, म्हणून त्याने माझ्या अंड्यांच्या पेटीची ऊब सुरुवातीलाच कमी केली होती. गारठ्यात कात्र्या चालेनात. तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं. अंडी फोडली तर बलक काठोकाठ तसाच, आणि पिल्लं मेलेली. वर हा म्हणतो, "खायला तर भरपूर होतं की." मी कपाळावर हात मारला.

त्याच दिवशी दादाचं पत्र आलं. बाबा गेल्यापासून तू सगळ्यांना वाढतेस, स्वतःचं ताट झाकून ठेवतेस आणि सकाळी ते तसंच असतं म्हणे. मला मात्र लिहितेस, "जेवण वेळेवर चाललंय." कुणाचं?

गुडघ्याला तेल तरी लावतेस का?

ऊब गेली की समोरचं अन्नही अंगी लागत नाही, हे मला कळतं गं. तरी हे पत्र मिटलंस की आधी ताटावरचं झाकण काढ.

तुझ्यावर चिडलेली,
धाकटी