पुढच्या तारखेचं पत्र

३ मार्च

चि. छोटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र लिहिते आहे एक तारखेला आणि वर घातली आहे तीन, कारण पोस्टात ते तेव्हाच पडेल. हसून घे. माझं सगळंच आगाऊ असतं. तुझ्या वाढदिवसाचं पत्र तर महिनाभर आधीच लिहून पाकिटात घातलं आहे.

आईचं तसंच चाललं आहे. वाचा गेली ती गेलीच, उजवा हातही गेल्यात जमा. डाव्या हाताने तिकिटं तेवढी चिकटवते, तीही हटकून उलटी. सकाळी पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की खुरडत दारापर्यंत जाते आणि टेबलावरचं टपाल त्याच्या हातात देते. तेवढीच तिची करमणूक, म्हणून मी आड येत नाही. डोकं मात्र ठिकाणावर नाही. कधीकधी माझ्याकडे अशी टक लावून बघते की मीच खोली सोडून जाते.

तुमच्या दुकानात जुने चष्मे गोळा करून गरजूंना देतात म्हणाली होतीस. आईच्या कपाटातल्या सगळ्या डब्या खोक्यात भरून पाठवते आहे. मी उघडूनही पाहिल्या नाहीत. धुळीने शिंकून शिंकून जीव नकोसा झाला. तळघरालाही ओल आली आहे. फरशी नव्याने घालायला हवी, पण घरात गवंडी नको वाटतो. मीच हळूहळू उरकीन.

मधलीचं वर्षाचं पत्र आलं. परदेशात मजेत आहे, तुला गोड पापा म्हणते. सतरा वर्षं झाली घर सोडून, पण यायचं नाव नाही. आधी ती गेली, मग तू. मी आपली दार राखत बसले आहे.

वेळेवर जेवत जा. ताईवरची माया दुकानातल्या काचांसारखी रोज पुसत राहा म्हणजे झालं.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोकं पोचलं. आधी गोड बातमी. मालक दूरच्या गावी दुसरं दुकान काढताहेत आणि ते माझ्या हाती देणार आहेत. एप्रिलमध्ये जायचं. दुकानावरच दोन खोल्या आहेत, भरपूर उजेड आहे. आईला काही महिने तिकडे न्यावं असं मनात आहे. तुलाही जरा मोकळा श्वास मिळेल. रागावू नकोस, नुसतं विचारते आहे.

आता चष्म्यांचं. नऊ डब्या निघाल्या. मी एकेक काच मशीनवर धरून नंबर लिहीत गेले. आठ आईच्याच, जवळचं वाचायच्या. नवव्या डबीत रुमालात गुंडाळलेला एक चष्मा होता. जाडजूड काचा, डावी तडकलेली. उजवीचा नंबर मायनस तेरा, डावीचा मायनस साडेबारा.

ताई, हा नंबर मला तोंडपाठ आहे. मधलीनेच पाठ करून घेतला होता. रस्त्यात चष्मा हरवला तर दुकानदाराला तू सांग, मला त्याची पाटीसुद्धा दिसायची नाही, असं म्हणायची. तिच्याकडे दुसरा चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय तिला स्वतःच्या ताटातलं दिसत नसे. मग त्या दिवशी ती स्टेशनावर कशी गेली आणि गाडीत कशी बसली?

काहीतरी साधंच कारण असेल आणि तू मला वेड्यात काढशील. काढ. पण कारण कळव, आणि तिची पत्रंही एकदा पाठव. मी त्यातलं एकही कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

आईला नमस्कार. तुझा लोभ आहे तेवढा पुरे, वाढला तर ओझं होईल.

तुझी,
छोटी

१६ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. जे तुला कधीच कळू द्यायचं नाही असं मी आणि आईने ठरवलं होतं, ते आता लिहावं लागतं आहे. बसून वाच.

मधली कुठेही गेली नाही. तिला परगावी नोकरी लागली होती, उद्या जाते म्हणून ती बॅग भरत होती. तू आठ वर्षांची होतीस. तिने जाऊ नये म्हणून तू तिचा चष्मा आईच्या कपाटात, आईच्या डबीत लपवलास. ती चाचपडत, तुला हाका मारत घरभर फिरली. तळघराचं दार उघडं होतं. दगडी पायऱ्यांवरून ती खाली गेली ती पुन्हा उठलीच नाही.

तू मारलंस असं मी म्हणत नाही. लेकरू होतीस. पण लोकांनी काय म्हटलं असतं, आणि तू ते डोक्यावर घेऊन जन्मभर कशी जगली असतीस? म्हणून ती निघून गेली असं सगळ्यांना सांगितलं. तिची पत्रं मी मनातच लिहीत आले. ती तळघरातच आहे, आपल्यापाशी. त्या दिवसानंतर आई माझ्याशी धड बोलली नाही, पण तोंडही उघडलं नाही. ते तुझ्यासाठीच.

तू २८ तारखेला ये. चष्मा बरोबर आण, दुकानात ठेवू नकोस. मालकांना यातलं अवाक्षर सांगू नकोस. निम्मी फरशी उखडून ठेवली आहे, तू येऊन गेलीस की पुरी करीन. नव्या गावाचं मग बघू.

रडू नकोस. मी आहे ना. सतरा वर्षं सांभाळलं, पुढेही सांभाळीन.

तुझी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आल्यापासून कामात लक्ष नाही. काल एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. मालकांनी दोनदा विचारलं, मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. मी तिचा चष्मा लपवायची हे खरंच आहे. ती हसत हसत भिंत धरून यायची आणि माझा कान पिळायची. त्या दिवशी लपवल्याचं मात्र काही केल्या आठवत नाही. आठ वर्षांच्या मुलीला आठवू नये एवढं का ते लहान होतं?

तू माझ्यासाठी एवढं सोसलंस. मी २८ ला सकाळच्या गाडीने येते. नव्या दुकानाला नाही म्हणून कळवीन. तुझ्याजवळ राहीन, तुला हवं तेवढं.

एकच गोष्ट सुटत नाही. रोज मोडके चष्मे हातात येतात, म्हणून विचारते. खिशात दबलेला चष्मा वेगळा वाकतो, पायाखाली आलेला वेगळा. हा डाव्या बाजूने आत दबला आहे, डावी काडी बाहेर फाकली आहे आणि काचेला नाकाकडून तडा आहे. चेहऱ्यावर असताना काही बसलं तरच असं होतं. डबीत लपवलेल्या चष्म्याला हे कसं झालं? मग तिच्या डोळ्यांवर चष्मा होता का? खोकं भरताना तू डबी उघडली नव्हतीस, म्हणून तुलाही माहीत नसेल. आल्यावर दोघी बसून बघू.

माझ्यावर राग धरू नकोस. तुझ्याशिवाय मला आता कोण आहे?

तुझी,
छोटी

३१ मार्च

मा. मालक यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी लिहिण्याची वेळ आली. आपल्या दुकानात कामाला असलेली माझी धाकटी बहीण २८ तारखेला घरी आली होती. गेले काही दिवस तिचं मन थाऱ्यावर नव्हतं, हे आपल्याही लक्षात आलं असेल. काल सकाळी मी आईचं अंग पुसत असताना ती चिठ्ठीही न ठेवता बॅग घेऊन निघून गेली. शोधाशोध करण्यात अर्थ नाही. आमच्या घरातल्या मुलींना निघून जायची सवयच आहे. मधलीही अशीच गेली.

तिच्या खोलीतलं सामान कोणाला द्यायचं त्याला द्यावं. तिच्या खणात एखादा जुना, तडकलेला चष्मा सापडला तर तेवढा टपालाने पाठवावा. आमच्या आईची आठवण आहे.

आपण तिला मुलीसारखं वागवलंत. तो जिव्हाळा विसरणार नाही.

आपली नम्र,
तिची थोरली बहीण

३१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हात सवयीने नमस्कार लिहून गेला, म्हणून खोडत नाही.

मालकांना लिहिलेलं तुझं पत्र २७ तारखेला दुपारी आलं. मी २८ ला घरी येऊन ३० ला निघून गेले, हे त्यांनी वाचलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी समोरच बसून एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू पिळत होते. त्यांनी पत्र माझ्यापुढे ठेवलं. बॅग भरलेली होती. पंधरा-सोळा तासांत मी गाडीत असते.

ते पत्र, चष्मा आणि तू तळघराबद्दल लिहिलेलं सगळं त्याच संध्याकाळी पोलीस ठाण्यात दिलं. उरलेली फरशी ते उखडतील. मधलीने तुला सोडून जाऊ नये म्हणून तू काय केलंस, ते मी आता विचारत नाही. तू ते माझ्या आठ वर्षांच्या अंगावर टाकलंस आणि मी घेतलंही, याचंच मला रडू येतं. माझा तुझ्यावर जीव होता. अजून आहे, हे लिहिताना स्वतःचीच भीती वाटते.

तू विचार करत असशील की टेबलावर तयार करून ठेवलेलं पाकीट पाच दिवस आधी पोस्टात कसं पडलं. चष्मा सतरा वर्षं रुमालात गुंडाळून कोणी ठेवला, ते आठव. तू लिहीत असताना तुझ्या पाठीशी खुर्चीत कोण बसलेलं असतं, तेही आठव. पाकिटावर तिकीट उलटं होतं.

आईला मी न्यायला येते आहे, पोलिसांबरोबर. हे पत्र आज २७ लाच लिहिते आहे आणि वर तुझ्यासारखी पुढची तारीख घातली आहे, कारण तुझ्या हाती ते तुरुंगातच पडेल. उत्तर लिहिलंस तर आजचीच तारीख घालत जा.

तुझी धाकटी बहीण,
कुठेही निघून न गेलेली,
छोटी